एका हाकेला ओ देऊ नये

दिल्लीच्या टेलिव्हिजनचा स्टुडिओ पाहायला जाताय? जरूर जा. तिथला माणूस तुम्हाला इतिहास सांगेल. इथे अमका गायला, तिथे तमका उभा राहिला. तुम्ही त्याला एवढंच विचारा, की पुसलं काय काय?

काहून म्हणता? बसा, सांगतो. श्रावण, ते दार लोटून घे. थंडी येऊन राहिली.

त्रेसष्ट साल. मार्गशीर्षातली अमावस्या. अमरावतीत कापूस बाजारामागे तेव्हा एक स्टुडिओ होता. अख्ख्या वऱ्हाडात त्याचं नाव. गाणी, कीर्तनं, पुढाऱ्यांची भाषणं, सगळं तिथे टेपवर घ्यायचे. संपादकांनी मला त्याचा इतिहास लिहून आणायला धाडलं होतं. फाटकाशी एक माणूस उभा होता. धोतर, काळी टोपी, हातात पिशवी. हिवरखेडचा जानराव. त्याचंही कामच होतं, आणि माझ्यापेक्षा साधं. त्याला बायकोचा आवाज ऐकायचा होता.

हसू नको श्रावण. बायको मेलेली होती.

सुभद्रा तिचं नाव. जात्यावरच्या ओव्या अशा म्हणायची, की शेजारणी आपलं दळण घेऊन तिच्याकडे यायच्या. आदल्या वर्षी स्टुडिओवाल्यांनी तिला मुद्दाम बोलावलं, ओव्या टेपवर घेतल्या. पुढे पावसाळ्यात तापाने गेली. मागे अडीच वर्षांची पोरगी, चतुरा. चुरूचुरू बोलायची. आई गेली त्या दिवसापासून तोंडातून अक्षर नाही.

"डागदर झाले, मांत्रिक झाले," जानराव मला म्हणाला. "मायचा आवाज कानी पडला तं बोलन, असं मले वाटते. आज आवाज हाय का ते पायतो. मंग पोरीले घेऊन येतो."

मी त्याला माझ्याबरोबरच आत नेलं.

मॅनेजर उत्साहात होते. ही इमारत मूळची कापसाचं गोदाम. इंग्रजी अमदानीत इथून गाठी मुंबईला जायच्या. भिंतींना आतून गोणपाट, त्यामागे हातभर कापूस ठासलेला. "बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. मुंबईचे कलावंतसुद्धा चाट पडतात!" मग फोटो. हार घातलेले पुढारी, शाली पांघरलेले गवई. मी लिहून घेत होतो.

जानराव मधेच म्हणाला, "साहेब, आमच्या मंडळीचा आवाज?"

मॅनेजरांनी शोधायचं नाटकसुद्धा केलं नाही. "जात्यावरची बाई ना? ती टेप पुसली. तिच्यावर नाव नव्हतं. बिननावाच्या टेपा आम्ही पुन्हा वापरतो."

"नाव कसं नव्हतं?" मी विचारलं.

"तीनदा विचारलं हो. पूर्ण नाव सांगा बाई. ती नुसती लाजते! म्हणे, ते बाहेर उभे हायेत, त्याहिले विचारा."

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. त्या दिवशी जानराव पोरीला खांद्यावर घेऊन दाराबाहेर उभा होता. दार उघडून त्याला कुणी विचारलं नाही. तिच्या ओव्यांवर आता एका पुढाऱ्याचं सहकारावरचं भाषण होतं. मी मॅनेजरांशी भांडलो, फार भांडलो. दुसऱ्या दिवशी लिहिलंही. संपादकांनी ते छापलं नाही, फोटो तेवढे छापले.

भांडणात जानरावची शेवटची यस्टी गेली. स्टुडिओचा चौकीदार सूर्यभान मनाने हळवा. त्याने विचारलं, "झोपाले जागा नाही ना? मंग आतच झोपा. जिथं ते गायली तिथं." मी घरी गेलो. पुढचं मला जानरावने सांगितलं. त्याला खोटं बोलता येत नसे.

सूर्यभानने दार ओढून बाहेरून कडी लावली. आत गच्च अंधार. आणि शांतता... शेतातली नव्हे. शेतात रातकिडे असतात. इथे काहीच नाही. त्याला आपल्याच छातीची धडधड ऐकू यायला लागली. तो गोणपाटाला कान लावून बसला. सुभद्रे, म्हणाला. एक ओवी म्हण. पोरीसाठी.

काही नाही.

बराच वेळ गेला.

मग कुणीतरी श्वास घेतला. गाण्याआधी घेतात तसा.

जानराव हलला नाही.

"जानराव..."

सुभद्राचा आवाज. अगदी कानाशी. सात वर्षांच्या संसारात तिने एकदाही घेतलं नव्हतं ते नाव. लाजत, अडखळत घेतलेलं.

ओ त्याच्या गळ्यापर्यंत आली...

आपल्याकडे लहानपणापासून काय शिकवतात? रात्री एका हाकेला ओ देऊ नये. माणूस दुसऱ्यांदा बोलावतो. ते... बोलावत नाही. जानरावला घरी पोरगी दिसली. मायविना राहिलेली. आपणही गेलो तर?

त्याने तोंडात धोतराचा सोगा कोंबला.

आणि वाट पाहिली. दुसऱ्या हाकेची.

तो मला म्हणाला, "भाऊ, एकडाव अजून बोलावलं असतं... तं म्या ओ देली असती. मेलो असतो तरी देली असती."

दुसरी हाक आली नाही.

आलं ते दुसरंच. खूप लांबून. बारीक.

"ओ..."

लेकराचा आवाज. त्याने झोपेतसुद्धा ओळखला असता.

तो दारावर धडका मारत सुटला. कापसात धडका विरत होत्या. सूर्यभानला ऐकू गेलं तेव्हा जानरावचे हात रक्ताळले होते. उजाडायला पहिली यस्टी. अकोटला बदलायची. अख्ख्या वाटेत तो बसला नाही, दांडा धरून उभा होता.

घरी पोचला. ओट्यावर त्याची आई, सुंदराबाई. मांडीवर चतुरा. जिवंत. त्याने पोरीला उचललं, छातीशी आवळलं. "बोल व माय. रातच्याला ओ देली ना तू? बोल..."

पोरगी त्याच्याकडे पाहत राहिली. शब्द नाही.

"काहाची ओ?" म्हातारी म्हणाली. "रातभर माह्यापाशी निजली होती. हूं नाही का चूं नाही."

जानरावने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि थांबला. केस चापूनचोपून विंचरलेले. तेल लावलेलं. बारीक, घट्ट वेणी. टोकाला हिरव्या काठाची चिंधी बांधलेली. तो काठ त्याने ओळखला. सुभद्राच्या अंगावर घालून जाळलेल्या लुगड्याचा.

"माय, हे वेणी कोनं घातली?"

सुंदराबाईने संधिवाताने वळलेली आपली बोटं त्याच्यापुढे धरली.

"मी तुलेच इचारणार होती, बापू."