पिठावरचे ठसे

मी गवंडी. आपण बरं आन् आपलं काम बरं. मेलेल्या माणसाचं भ्या मला कधी वाटलं न्हाई, जित्या मालकाचं वाटतं. इनामगावच्या अलीकडं, घोड नदीच्या काठाला संपतरावांचं घर हाय. जुनी भुई उकरून कोबा करायचा, एवढंच काम होतं.

चुलीखाली हातभर खणलं आन् माणूस लागला. उताणा, नीट निजवलेला. सगळी हाडं जागच्या जागी, पावलं तेवढी न्हाईत. घोट्यापासनं तोडलेली.

संपतरावांची आई सोजरबाई खाटेवरनं बघत होती. तरणेपणी तिनं इनामगावच्या उत्खननावर मजुरी केलेली.

"लई जुन्या लोकांची रीत ती. सायेब सांगायचे, आपलं माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून पाय तोडायचे, आन् घरातच पुरायचं. मेहमूद, त्याला हलवू नको बाबा. मला बी कुठं जायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिला संपतरावांच्या सणसवाडीच्या खोलीवर राहायला न्यायचं ठरलं होतं. संपतरावांनी मला बाजूला घेतलं.

"मेहमूदभाई, बोभाटा झाला तर काम बंद पडंल. नदीत टाका."

आमच्यात कबरीला कुणी हात लावत न्हाई. मी लावला. रात्री म्हातारीचा डोळा लागल्यावर हाडं गोणीत भरून डोहात सोडली. परत आलो तर म्हातारी जागीच.

"ठेवलंस ना जागेवर?"

"व्हय, मावशी."

त्या खोट्याची मला आजबी लाज वाटते.

पहाटे ती खाटेवरच गेली. संपतरावांनी तिच्या पायाचे अंगठे बांधले, तवा दोन्ही पावलं मी डोळ्यांनी बघितली. सरणापर्यंत सोबत होतो. सांजच्याला, त्यांच्यातल्या रीतीनं, खाटेपाशी दिवा लावून भोवती पीठ पसरलं. गेलेल्याचं पाऊल उमटतं म्हणतात. चुलीपाशी माझा खड्डा तसाच उघडा होता.

सकाळी संपतरावांनी बोलावलं.

"हे बघा..."

दारापासनं खाटेपर्यंत ओल्या गाळाचे गोल ठसे आलेले, वाटीएवढे. बोटं न्हाईत, टाच न्हाई. तिथनं दोन जोड्या चुलीकडं गेलेल्या. एक गाळाची. दुसरी तशीच गोल, पण जरा लहान, कोरड्या पिठाची.

"आईचे पाय तर..." संपतराव म्हणले.

मी चुलीपाशी गेलो. खड्डा बुजलेला होता. वरनं शेणानं सारवलेलं, आन् सारवण अजून ओलं होतं.