रानमोडीच्या वीस चौकटी

लक्ष्या कोयता घेऊन रानमोडीच्या माजलेल्या तणात शिरला, तोच झुडपातून आवाज आला, "एकशे बारा... एकशे तेरा..."

तो टरकलाच. "कोण आहे तिथं?"

"अहो, चुकवलंत ना! आता पहिल्यापासून मोजायचं!"

दोरी ताणून आखलेल्या मीटरभर चौकटीत एक पोरगी उकिडवी बसलेली. वाणगावची रुचिका. रानशेतजवळच्या या वनस्पती बागेत, मोठ्या झाडांच्या सावलीत ही रानमोडी किती माजलीय, त्याची कॉलेजसाठी मोजणी करायला आलेली. लक्ष्या इथेच रोजावर होता. रानमोडी उपटायलाच.

"तुम्ही मोजायचं, मी उपटायचं," तो हसला. "बरी जोडी जमली."

"जोडी?" तिने भुवई उडवली. "आधी तो कोयता खाली ठेवा."

मग रोजचंच झालं. ती मोजायची. तो पलीकडे उपटायचा, पण हात मुद्दाम हळू... दुपारी तिच्या हातावर पाणी ओतायचा. कितीही धुतलं तरी बोटांचा तो उग्र वास जात नसे. त्यात कोपरापर्यंत पुरळ उठलेलं. ती खाजवायची, आणि याचा जीव कासावीस.

आखलेल्या वीस चौकटींतल्या सहा मोजायच्या उरल्या होत्या. त्या दिवशी लक्ष्या उजाडताच आला आणि सहाही मुळासकट साफ केल्या.

रुचिका आली, बघतच राहिली. "हे... कोणी केलं?"

"मी!" छाती फुगवून. "आता बसायला नको, खाजवायला नको."

"अरे, मोजायच्या आधीच? शुक्रवारी आकडे द्यायचेत. नाही दिले तर माझं वर्ष जाईल, लक्ष्या!" तिचे डोळे भरले.

लक्ष्याचं तोंड एवढंसं झालं. खाली बघत तो म्हणाला, "ढीग... वेगळे ठेवलेत. एका चौकटीचा एक. त्या त्या दोरीपाशीच."

"का?"

"तू एवढी जपतेस ना एकेक चौकट... मला मिसळवेना."

तिने ओढणीने डोळे पुसले. एक ढीग उकलून पाहिला. रोपं अख्खी होती, मुळांसकट.

"मोजता येतील," ती हळूच म्हणाली. "पण वहीत खरं लिहावं लागेल. आधी उपटली, मग मोजली. कोणी उपटली, का उपटली..." लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. "का म्हणून लिहू?"

"लिही... तुझे हात बघवत नव्हते."

"एवढंच?"

"आणि... तू आवडतेस मला. खूप."



रुचिकाने वही मिटली. "हे सरांना नाही वाचायला देणार," ती म्हणाली, आणि थोडी सरकून तिने शेजारची जागा हाताने झाडली. "बस इथं. तू मुळं सोडव, मी मोजते. सावकाश हं... शुक्रवार लांब आहे."