शेजारची खाट

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण हे जिच्याबाबत घडलं ती अंकिता माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि ती झुरळ हातानं मारणारी बाई आहे. उगाच घाबरणाऱ्यांतली नाही.

गेल्या जूनमधली भर दुपार. सोलापूर नुसतं भाजत होतं.

अंकिता इथल्या एका कॉलेजच्या अ‍ॅडमिशन ऑफिसात कामाला. वेबसाइटवर मुलं चॅटमधून प्रश्न विचारतात, त्यांना उत्तरं द्यायची. मेसेज आला की कॉम्प्युटर टिंग करतो.

बाकीचे जेवायला गेले होते. ती एकटीच होती.

टिंग.

"मॅडम, होस्टेलला खाट मिळती का?"

"हो. खाट, गादी, कपाट, सगळं. नाव काय तुझं?"

"धनलक्ष्मी. दुधनीची."

पुन्हा टिंग.

"खाटंवर आडवं व्हता येतं न्हवं? हितं जागाच न्हाय. बसूनच हाय. पाठ लई दुखती."

घरच्यांनी पोरीला दिवसभर दुकानात बसवलं असेल, असं अंकिताला वाटलं. तिचा जीव कळवळला.

"अंदार बी लई हाय. शेजारी कोण न्हाय."

आणि इथंच अंकिताची चूक झाली. नुसता धीर द्यायला म्हणून तिनं लिहिलं, "घाबरू नको. माझी धाकटी बहीण पिंकी त्याच होस्टेलला आहे. तिच्या शेजारची खाट रिकामी आहे. तुझ्यासाठी ठेवते."

पिंकी म्हणजे अंकिताचा जीव की प्राण. मावशी, म्हणजे या दोघींची आई, तिला माढ्याहून पाठवायलाच तयार नव्हती. "तुज्या भरवशावर धाडतीया," असं दहादा बजावून तिनं पोरगी सोडली होती.

"खरंच येऊ, मॅडम?"

"ये बिनधास्त."

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. कॉम्प्युटर बंद पडला.

आणि त्या शांततेत...

टिंग.

पडदा काळाच होता. खोलीत मात्र भस्माचा वास पसरला होता.

तिचे साहेब बसलिंगप्पा सर जेवून आले, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. सर मूळचे दुधनीचेच. नाव ऐकलं आणि ते मटकन खुर्चीत बसले.

"आमच्या गल्लीतली पोरगी. हितंच शिकायचं होतं तिला. मागल्या वर्षी काविळीनं गेली की."

अंकिता उठून उभी राहिली. "पण सर, ती म्हणाली... बसूनच आहे."

"आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की जाळत न्हाईत, अंकिता," सर हळूच म्हणाले. "भस्म लावून, मांडी घालून बसवत्यात. आनी तसंच पुरत्यात."

अंकिता होस्टेलकडे धावत सुटली. पायात चप्पल नाही याचंही तिला भान नव्हतं.

खोलीतल्या बाकीच्या मुली सुट्टीला गावी गेल्या होत्या. पिंकी झोपली होती...

मांडी घालून. पाठ ताठ. डोळे मिटलेले.

"पिंके! आडवी हो गं..."

पिंकीनं डोळे उघडले नाहीत. "कशी होऊ, तायडे? ती आडवी झालीया की."

शेजारच्या खाटेवर कुणीच नव्हतं. गादी मात्र दबलेली होती, डोक्यापासून पायापर्यंत.

लाइट आल्यावर त्या चॅटमध्ये एक मेसेज सापडला. अंकितानं मलाही तो दाखवला. "लई उपकार झाले, मॅडम. किती दिसांनी पाठ टेकली."

त्याच दिवशी तिनं पिंकीला जुळे सोलापूर भागातल्या आपल्या घरी नेलं. डॉक्टर झाले, अंगारे झाले, दुधनीला जाऊन धनलक्ष्मीच्या समाधीपुढं नाक घासून झालं. पिंकी हसते, जेवते, कॉलेजला जाते. फक्त तिला आडवं होता येत नाही. निजवलं तरी थोड्या वेळानं उठून बसलेली असते.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. पिंकी भिंतीशी बसून झोपली होती. शेजारची गादी मोकळी दिसली म्हणून मी टेकायला गेले, तर अंकितानं माझा दंड घट्ट धरला.

"तिथं नको."

मी उभीच राहिले. तेवढ्यात मावशीचा फोन आला. तिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. ती रोज एकच विचारते, "पोरगी नीट झोपती न्हवं?"

अंकिता त्या गादीकडे बघत म्हणाली, "हो आई. झोपते."