फटफटीचं दावं

गोविंदसिंगनं बैलजोडी विकून फटफटी घेतली हे कळलं, तेव्हा मेडशीजवळचा त्याचा अर्धा तांडा हसला आणि अर्धा कपाळाला हात लावून बसला. बसणारच की! ज्या घरात तीन पिढ्या बैलांचाच व्यापार, ज्याच्या बापानं बैल उभा कसा राहतो एवढ्यावरून त्याची खोड सांगावी, त्या घरातल्या पोरानं जातिवंत जोडी देऊन लोखंड आणावं? त्याचा चुलता भाऊसिंग तर तोंडावरच म्हणाला, "पेट्रोल कोन्या वावरात पिकते रे?"

 गोविंदसिंगचं कारण चारचौघांत बोलून सांगण्यासारखं नव्हतंच. त्याची दोन लेकरं गेली होती. दोन्ही वेळा मूल पोटात आडवं, दोन्ही वेळा बैलगाडीतून वाशीमचा दवाखाना, आणि दोन्ही वेळा डॉक्टरीणबाईंचं एकच वाक्य, "उशीर केला, बाबा." बायको रुपाबाई कशीबशी हाती लागली होती. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, सातवा सरला होता, आणि बैलाला कितीही झोडपलं तरी तो बैलच. या वेळी उशीर होऊ द्यायचा नाही, एवढंच त्यानं मनाशी धरलं होतं.

शेलूबाजारला शालिग्राम नावाच्या शेतकऱ्याकडे लढाईच्या काळातली विलायती फटफटी विकायला आहे, असं त्याला बाजारात कळलं. गेला तर गोठ्यात, कडब्याच्या बाजूला, ती उभी होती. काळी, रुंद टाकीची, एवढी अवजड की स्टँडवरून काढताना गोविंदसिंगसारख्या गड्यालाही घाम फुटला. पण चाकापासून दिव्यापर्यंत पुसून लख्ख ठेवलेली.

"इकता काहून मंग?" त्यानं विचारलं.

"आई गेली माही," शालिग्राम म्हणाला. "आता मले इचा आवाज आयकवत नाही."

पडीक वावरात शालिग्रामनं त्याला शिकवलं. पहिल्या दिवशी किक अशी उलटी बसली की नडगी टम्म सुजली. क्लच सोडला की गाडी उसळायची आणि गोविंदसिंग ढेकळात. पण एकदा जमलं, आणि मग काय सांगावं! मूठ जराशी पिळली की सगळा दम मांड्यांखालून वर चढायचा, वारा डोळ्यांतून पाणी काढायचा. आयुष्यभर बैलाच्या शेपटीमागं चाललेल्या माणसाला पहिल्यांदा वाटलं, की रस्ता आपल्याला घाबरतो आहे. तो एकटाच मोठ्यानं हसला. दोन वर्षांत असा हसला नव्हता.

निघायच्या दिवशी शालिग्राम विळा घेऊन आला. मागच्या गादीच्या कडीला सुताचं जाड दावं बांधलेलं होतं, हातानं धरून धरून गुळगुळीत झालेलं.

"हे ठेवून घेतो मी. आई हे धरल्याबिगर मांगं बसेच नाही."

"राहू द्या न भाऊ. माह्या बायकोलेही काहीतरी धरायले लागन."

शालिग्राम थबकला. "बैल इकताना दावं देत नाहीत. तुले म्या सांगावं काय?"

"हा काय बैल हाये का?"

दोघंही हसले. शालिग्राम थोडा आधी थांबला.

मालेगावच्या मोटार स्टँडवर फुलचंदचं हॉटेल होतं. गोविंदसिंगनं गाडी लावली आणि बाकावर बसला, तर फुलचंदनं न विचारता दोन कप आणले. एक त्याच्यासमोर, एक शेजारच्या रिकाम्या जागेसमोर, वर बशी झाकून.

"हे कोनाले?"

फुलचंद चपापला. "आरे बाप्पा! गाडीच्या आवाजानं हात चालला पाहा. ह्या गाडीवर रंगूबाई येत जाये, शालिग्रामची माय. सुईण होती. कोठी बाई अडली की पोरगा तिले मांगं बसवून आणे. माह्या चारही लेकरायले तिनंच दुनिया दाखवली." त्यानं कप उचलला, आत पाहिलं, आणि मोरीत ओतला. गोविंदसिंगला ओतताना चहा दिसला नाही. चार थेंब गळाले, बस्स. गडबडीत कमी भरला असेल, असं तो धरून चालला.

घरी त्याची आई भुरीबाई ओवाळायला आली. गाडीला कुंकू लावता लावता तिचा हात मागं गेला आणि तिथंच राहिला.

"दावं संगं आनलं तू?"

"याडी, लोखंड हाये हे," तो आईला म्हणाला.

"लोखंड असो का सोनं असो. घेनारानं आपलं दावं न्यावं लागते. जुनं दावं आलं की जनावर आर्धं तिकडचंच राह्यते. हे तूच लोकायले सांगत फिरतो न रे? सोड ते!"

आईपुढं काय बोलणार? त्यानं दावं सोडलं आणि खुंटीला टांगलं. दुसऱ्या दिवशी फटफटी सुरूच होईना. प्लग काढून घासला, पेट्रोलची नळी फुंकली, किका मारून मारून पायात गोळे आले. भाऊसिंग खाटेवर बसून मजा पाहत होता, "चारा टाक, चारा!" शेवटी चुलता जेवायला गेल्यावर गोविंदसिंगनं आजूबाजूला पाहिलं, खुंटीवरचं दावं काढलं, आणि आपल्यालाच लाज वाटत असल्यासारखं पटकन कडीला बांधलं.

पहिल्या किकला गाडी लागली.

प्लग सुकला असेल, तो स्वतःला म्हणाला. माणूस होता समंजस. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता, आणि ठेवायला सवडही नव्हती. रोज मेडशी ते मालेगाव रपेट मारायची, खड्डा न खड्डा पाठ करायचा, एवढं एकच काम त्यानं लावून घेतलं. पण हात बसत चालला तसं त्याला एक नवल वाटू लागलं. वळणावर तो कलायच्या आधी गाडी कलायची, मागं बसलेलं सवयीचं माणूस कलतं तशी. आणि कितीही मूठ पिळा, पाणंदीत गाडी एका बेताच्या पुढं धावायची नाही. डांबरी सडक लागली की मात्र सुसाट. त्याला राग यायचा. मग वाटायचं, बरंच आहे, बायको बसणार आहे.

कळा आल्या त्या ऐन सकाळी, ज्वारीच्या भाकरी थापताना. अजून पंधरा-वीस दिवस होते. भुरीबाईनं सुनेच्या पोटावर हात ठेवला आणि तिचं तोंड उतरलं.

"आडवंच हाये रे," ती म्हणाली. "ने. आत्ताच्या आत्ता ने. मी तुह्या काकाची गाडी जुंपून मांगून येतो."

रुपाबाईला मागं बसवलं. तिनं एका हातानं नवऱ्याचा खांदा धरला, दुसऱ्यानं दावं. पाणंदीनं सांभाळून, मग सडकेनं. मालेगाव मागं पडलं. गोविंदसिंगचं सगळं ध्यान खड्ड्यांत होतं, आणि छातीत तेच एक वाक्य ठोके देत होतं. उशीर केला, बाबा.

"घट्ट धरून बैस वं," तो ओरडला.

"धरलं हाये न मले," रुपाबाई म्हणाली. "मांगून. तुमी पुढं पाहा."

कळेच्या भरात काहीबाही बोलते आहे, असं त्याला वाटलं.

वाशीम अजून बरंच लांब होतं, तेव्हा इंजिन बंद पडलं. खोकलं नाही, अडखळलं नाही. कुणी हात ठेवून थांबवावं तसं थांबलं. रस्त्याकडेला एक कडूनिंब होता, दोन्ही अंगांनी तुरीची वावरं, माणूस काळं ना गोरं. गोविंदसिंग किक मारत सुटला. रुपाबाई उतरली आणि सावलीत आडवी झाली.

"तोंड फिरवा तिकडं," ती म्हणाली.

तांड्याची रीतच ती. बाई अडली की पुरुषानं पाठ करून उभं राहायचं, काही झालं तरी वळायचं नाही. तो पाठ करून किक मारत राहिला. डोळ्यांतलं पाणी टाकीवर पडत होतं. देवा, घे लागलं तर मला घे, तो मोठ्यानं म्हणाला.

मग त्याला वास आला. कोमट केलेल्या तिळाच्या तेलाचा.

त्यांनी तेल आणलं नव्हतं.

रुपाबाई कण्हत होती. त्या कण्हण्याच्या मधून मधून दुसरा आवाज होता, हळू, एकसुरी, लहान पोराची समजूत काढतात तसा. बांगड्या वाजत होत्या. रुपाबाईच्या हातात लाखेच्या होत्या. या काचेच्या वाजत होत्या.

त्याची मान वळायला आली.

वळू की नको? वळलो आणि तिथं कुणी नसलं तर?

त्याला कळलं की आपल्याला याचीच जास्त भीती वाटते आहे. त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

किती वेळ गेला, देव जाणे.

"चाल, बाबू," मागून कुणीतरी म्हणालं. "आता ने."

तो आवाज रुपाबाईचा नव्हता.

त्यानं किक मारली. गाडी लागली.

दवाखान्यात रुपाबाईला आत घेतलं आणि दार लागलं. गोविंदसिंग ओसरीवर उकिडवा बसला. ऊन पायरीवरून खाली उतरलं तरी तो तसाच होता. मग आतून रडणं आलं, चांगलं खणखणीत, कुणाशी भांडायला आल्यासारखं, आणि तो गुडघ्यात तोंड घालून हमसून हमसून रडला. दोन लेकरांचं साचलेलं सगळं त्या दिवशी बाहेर पडलं.

नर्सबाई कपाळ पुसत बाहेर आल्या. "मुलगी आहे. दोघी छान आहेत. तुमच्या सुईणीचा हात मात्र मानला पाहिजे हं. आडवं मूल बाहेरून सरळ करणं सोपं नाही. पोटावर अजून तेल आहे."

"सुईन नव्हती," तो म्हणाला.

"असं काय करता? आल्यात ना त्या तुमच्याबरोबर, गाडीवर. नऊवारीतल्या आजी." नर्सबाईंनी ओसरीच्या टोकाकडे बोट केलं. "हात धुवायला साबण मागितला, मीच दिला. तिथं घमेल्यात पाणीही ठेवलं."

गोविंदसिंग उठून तिकडे गेला. साबणाची वडी ओली होती. घमेल्यातल्या पाण्यावर तेलाचा तवंग होता, पिवळसर, तिळाच्या वासाचा. फटफटी समोर चिंचेखाली उभी होती आणि तिच्याजवळ कुणी नव्हतं.

"कुठं गेल्या त्या?" त्याच्या मागोमाग आलेल्या नर्सबाई म्हणाल्या. "मघाशी विचारत होत्या, पलीकडच्या खोलीत कोण आहे म्हणून. मी म्हटलं, आजी, तिकडं नका जाऊ. तिथली बाई कालपासून अडली आहे. डॉक्टरीणबाईंनीही..."

 पलीकडच्या खोलीतून तान्ह्या बाळाचं रडणं आलं.

नर्सबाई धावत आत गेल्या.  गोविंदसिंगनं घमेलं उचललं, तेलकट पाणी झाडाच्या आळ्यात ओतलं, नळावरून ताजं भरून आणलं आणि जागेवर ठेवलं. साबण शेजारी ठेवला. एवढं तरी करायला हवं होतं.

लेकीचं तोंड पाहायला तो आत निघाला. दाराशी पोचला आणि वळून पाहिलं. ओसरी रिकामी होती. घमेल्यातलं पाणी हलत होतं, आणि त्यावर तेल हळूहळू पसरत होतं.