पलीकडचा माणूस

अँटवर्पच्या धक्क्यावर त्या दिवशी दुपारी तीनलाच दिवे लागले होते. धुकं इतकं दाट, की क्रेनचे नुसते पाय दिसत होते. वान्नेसचं एकच काम उरलं होतं. डाकारला निघालेली एक जुनी मासेमारीची नाव फ्लॅट रॅकवर बांधायची. फ्लॅट रॅक म्हणजे कंटेनरच, पण ना छप्पर, ना बाजूच्या भिंती. पेटीत न मावणारं धूड त्यावर ठेवायचं आणि पट्ट्यांनी जखडायचं. समुद्रात सगळी भिस्त त्या पट्ट्यांवर.

काम दोघांचं. एकाने पट्टा वरून फेकायचा, दुसऱ्याने पलीकडे हूक अडकवायचा. बावीस वर्षं पलीकडे रिक असायचा. गेल्या हिवाळ्यात एक इंजिन बांधताना तो म्हणाला होता, "अजून एक मारू या रे."

"पुरे की! सासूला बांधतोयस काय?" वान्नेसला घरी जायची घाई होती. दोघंही हसले होते. रॅक हलवताना ते इंजिन घसरलं आणि रिक त्याखाली सापडून जागीच गेला.

"योरिस येतोय, तोवर हात लावू नकोस," असं बजावून मुकादम हिल्डे गेली होती. थोड्या वेळाने नावेपलीकडे पावलं वाजली.

"आलास का?" वान्नेसने विचारलं आणि पट्टा फेकला. पलीकडे हूक खटकन बसला. त्याने पट्टा आवळला. दुसरा, तिसरा, चौथा... योरिस एरवी किती बडबडतो, आज गप्प कसा, एवढंच त्याच्या मनात आलं. आठवा पट्टा बसला. काम झालं.

"चल, कॉफी घेऊ."

पलीकडून हळू आवाज आला. "अजून एक..."

तो आवाज वान्नेसने बावीस वर्षं ऐकला होता. पळावंसं वाटलं. मग त्याने मुकाट्याने पट्टा उचलला आणि फेकला. हूक बसला.

"अजून एक..."

"घे," वान्नेस म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते. "घे बाबा. हवे तेवढे घे. मी नाही म्हणणार नाही आता..."

हिल्डे आली तेव्हा नाव पट्ट्यांखाली दिसेनाशी झाली होती. तिच्यामागे योरिस होता, हातात टोपी, धापा टाकत. "फाटकावरच अडकलो होतो, माफ कर," तो म्हणाला.

"वान्नेस, हे काय करून ठेवलंस? आणि पलीकडून हूक कोणी लावले?" हिल्डेने विचारलं.

हिल्डे बॅटरी घेऊन रॅकच्या टोकाला गेली आणि तिथेच थबकली. पलीकडे सकाळपासून कंटेनरची चार मजली चळत उभी होती. मधे जेमतेम वीतभर फट. त्या फटीत सगळे हूक ओळीने, नीट बसलेले.

"इथे माणूस शिरेलच कसा..." ती पुटपुटली.

वान्नेस तिच्या शेजारी आला. खाली बसून त्याने त्या फटीत हात घातला, पार खांद्यापर्यंत. बराच वेळ तो तसाच बसून राहिला.

"चल, ऊठ आता," हिल्डे हलकेच म्हणाली. "हात काढ."

"थांब जरा," वान्नेस म्हणाला. "अजून धरलाय त्याने."