तळाशी काच

"काय मठ्ठ माणूस आहे हा! खाली काच आणि वर लोखंडी पंप?"

मी स्क्रीनकडे बघून ओरडले, आणि शेजारच्या कॉम्प्युटरवरून शांत आवाज आला, "मठ्ठ मीच."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. आमच्या प्रशिक्षण केंद्रात नोकरीआधी ऑनलाइन गोदाम चालवायला लावायचे. सगळं खोटं, स्क्रीनवरचं — खोकी, गाडी, घाईतलं गिऱ्हाईक. मी ऑर्डर वाचून सामान काढायचं, जोडीदाराने ते गाडीत रचायचं. जोडीदार कोण, ते मात्र कळत नसे. आता कळलं. डोळे हसरे होते... तेवढं बरं.

"मग शिकवा की," तो म्हणाला.

शिकवलं. जड खाली, नाजूक वर. तो भराभर शिकला, मला हसवतही राहिला. मी घरी उगाचच गुणगुणू लागले, तशी धाकटी बहीण माझ्याकडे संशयाने बघू लागली.

पण शेवटची फेरी काही सुटेना. दर वेळी काच फुटायची, आणि एक नापास म्हणजे दोघंही नापास. औषधांच्या गोदामात माझी नोकरी ठरली होती. शुक्रवारी प्रमाणपत्र दाखवलं नाही, तर ती दुसऱ्या कुणाला मिळणार होती. बाबा घरी बसल्यापासून सगळ्यांची भिस्त माझ्यावरच होती.

गुरुवारी मी माझी स्क्रीन सोडून त्याच्या हाताकडे पाहिलं. माउस आधी बरोबर जड खोक्यावर गेला... थांबला. त्याने हळूच माझ्याकडे बघितलं — आणि काच उचलून तळाशी ठेवली.

"मुद्दाम?"

"पास झालो की तुम्ही जाणार..."

"तुमचा खेळ होतो, पण इथे माझा जीव जातो!"

त्याचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं," एवढंच बोलून त्याने एकही काच न फोडता गाडी भरली. पास! मी आनंदाने वळले, तर शेजारची खुर्ची रिकामी.

म्हणजे नको तिथे अक्कल पाजळायची, आणि बोलायची वेळ आली की पळ काढायचा! मी त्याला जिन्यात गाठलं.

"काही विचारायचं होतं ना?"

"आता कुठल्या तोंडाने—"

"विचारा."

त्याने कठडा घट्ट धरला. "उद्यापासून... तुम्हाला भेटायला आलो तर चालेल?"

माझे कान अजून तापलेले होते; रागानेच असावेत.

"रोज येणार असाल तर चालेल," मी म्हणाले. "एखाद्या दिवसाचं मला नाही जमायचं. मला तुम्ही आवडता."

पुढची पायरी मग बराच वेळ आम्ही दोघंही उतरलोच नाही.