वगळलेला थर

थर १

दुर्बिणीला डोळा लावून बघायचे दिवस संपले होते. आभाळभर उपग्रहांची ये-जा; नुसत्या डोळ्यांना रेघाच दिसत. म्हणून गावाबाहेरच्या उघड्या कातळसड्यावर मांडलेल्या दुर्बिणीमागे कॅमेरा होता, आणि निवृत्त शिक्षक निसार मुकादमांशेजारी बसून सायली तांडेल पडद्यावरची करडी खरखर बघत होती.

तिची लेक ओवी ज्या यानात होती, त्याचा रेडिओ वर्षभर गप्प होता. जाताना ओवीने सांगून ठेवलं होतं: आवाज बंद झाला तर माझ्या वाढदिवशी, दिवेलागणीनंतर देवयानी दीर्घिकेकडे बघ. यानाचं उन्हाच्या रेट्यावर चालणारं शीड आम्ही पृथ्वीकडे फिरवू. ऊन लागून चमकेल. एकदाच, कारण शीड फिरवणं म्हणजे वेग घालवणं.

आज तो वाढदिवस होता.

थर १२

पडद्यावर देवयानी दीर्घिका उमटू लागली. सरांनी समजावलं: कॅमेरा फोटोमागून फोटो घेतो, यंत्र ते एकावर एक रचतं. प्रत्येक फोटो एक थर. सगळ्या थरांत असतं ते उजळतं; एखाद्याच थरात असतं ते यंत्रातली चाळणी काढून टाकते. फार ठळक असेल, तर अख्खा थरच.

"वाडीतल्या बायकांसारखंच की," सायली म्हणाली. "चौघींनी सांगितलं तर खरं."

सर हसले.

थर २९

काळ्या धुळीचे पट्टेही दिसू लागले. इतकं स्वच्छ आभाळ तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

थर ३०

वगळला.

थर ३१

स्वच्छ.

"सर, एकदाच चमकलेलं ही चाळणी ठेवते?"

सरांचं हसू मावळलं. ओवीचं तिने त्यांना काही सांगितलंच नव्हतं. लोक कीव करतात म्हणून नुसतं 'देवयानी दाखवा' म्हणाली होती. आता सांगितलं. सरांनी तिसावा थर परत मिळवायची खटपट करून पाहिली. वगळलेला थर यंत्र जपून ठेवत नसे.

"उपग्रह असेल," ते म्हणाले. "बहुतेक वेळा उपग्रहच असतो."

"बहुतेक वेळा."

त्यांनी चाळणी काढली. पडदा रेघांनी पांढराफटक झाला. त्यात देवयानीसुद्धा सापडेना. सायली बराच वेळ त्या पांढऱ्यात शोधत राहिली. मग तिने चाळणी परत लावायला सांगितली.

थर ३२. थर ३३. थर ३४.

 जितका वेळ दोघं बघत राहिले, तितकी यंत्राची खात्री वाढत गेली, की तिथे कुणी नाही.